शॉकच्या यंत्राभोवती

२९ मे २०१८ पासून भारतात भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता मनोरुग्णाला विजेचा शॉक देणे बेकायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे, आणि कोणाच्या पंगतीत लिहिले आहे तेही पाहण्यासारखे आहे. त्याच यादीत मानसिक आजारावरचा उपाय म्हणून केलेली नसबंदी आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधणे आहे. ज्या संसदेने भूल न देता दिलेल्या शॉकला साखळदंडाशेजारी बसवले, तिनेच भूल देऊन दिलेला शॉक मात्र वैध उपचार म्हणून ठेवला. यंत्र तेच, वीज तीच. मधल्या फरकात एक भूलतज्ज्ञ, दोन इंजेक्शने आणि प्राणवायूची नळी. ईसीटी या नावाने डॉक्टर ज्याला ओळखतात आणि लोक ज्याला 'शॉक' किंवा 'करंट' म्हणतात, त्या उपचाराचा वाद ऐंशीहून अधिक वर्षे यंत्राभोवती फिरतो आहे: ते चांगले की वाईट, वापरावे की मोडीत काढावे. मला वाटते, ईसीटीचे बरेवाईट यंत्राभोवती कोणती माणसे, कोणती संमती आणि कोणत्या नोंदी आहेत त्यावर ठरते. महाराष्ट्रात नेमकी तीच बाजू लंगडी आहे, आणि मराठवाड्यात तर फारच.

शॉक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमा येतो: खाटेला पट्ट्यांनी आवळलेला, पूर्ण शुद्धीवर असलेला माणूस, कपाळाला लावलेल्या तारा, आणि खलनायकाने विकत घेतलेला डॉक्टर. 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट' या १९७५ च्या अमेरिकन चित्रपटाने हेच चित्र जगभर पक्के केले. 'याला ठाण्याला पाठवा', 'त्याची जागा येरवड्याला' ही आपली थट्टेची भाषाही त्याच भीतीवर पोसलेली आहे. नियमाप्रमाणे होणारी ईसीटी यामानाने फार नीरस असते. रुग्ण आदल्या रात्रीपासून उपाशी असतो. शिरेतून भुलीचे औषध दिले जाते, तो झोपतो, मग स्नायू सैल करणारे औषध. तोंडात दात-जीभ सांभाळणारी रबरी पट्टी, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. दोन्ही कानशिलांना किंवा डोक्याच्या एकाच बाजूला इलेक्ट्रोड लावून काही सेकंद विजेचे छोटे छोटे स्पंद सोडले जातात. गुण येतो तो त्यातून मेंदूत उठणाऱ्या फिटमुळे. ती साधारण वीस सेकंद ते मिनिटभर चालते. शरीर सैल असल्याने पायाची बोटे हलली तर हलतात. रुग्ण थोड्या वेळाने जागा होतो आणि काही काळ गोंधळलेला राहतो. आठवड्यातून दोन-तीनदा, असे सहा ते बारा वेळा.

या उपचाराचा उगम एका चुकीच्या समजुतीत आहे, आणि विरोधकांना तो सांगायला आवडतो. बुडापेस्टच्या लाडिस्लास मेदुना यांना वाटत होते की फेफरे आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत. म्हणून १९३४ मध्ये त्यांनी कापराने रुग्णांना मुद्दाम फिट आणायला सुरुवात केली. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी एप्रिल १९३८ मध्ये फिट आणणाऱ्या औषधांच्या जागी वीज आणली. मूळ समजूत पुढे टिकली नाही, पण वेगळ्याच आजारांत, विशेषतः गंभीर नैराश्यात, रुग्ण सुधारताना दिसू लागले. चुकीच्या तर्काने हाती लागलेली औषधे वैद्यकात काही कमी नाहीत, तेव्हा उगमावरून उपचार निकालात काढण्यात अर्थ नाही. मात्र त्या पहिल्या काळाचा एक वारसा खराच वाईट होता. स्नायू ताठ असताना आलेली फिट इतकी जोरदार असे की पाठीचे मणके चेपत, जबडा निखळे, दात तुटत. १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध आले आणि श्रीमंत देशांतून भूल न देण्याची ही 'डायरेक्ट' पद्धत हळूहळू हद्दपार झाली. भारतात ती त्यानंतर अर्धशतक टिकली, तीही आडगावच्या दवाखान्यांपुरती नव्हे, तर डॉक्टर घडवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांतही.

उपचाराने गुण येतो का, हा पहिला प्रश्न. १९८० च्या आसपास ब्रिटनमध्ये काही प्रामाणिक प्रयोग झाले. निम्म्या रुग्णांना भूल देऊन खरा शॉक, निम्म्यांना फक्त भूल. कोणाला काय मिळाले ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही. २००३ मध्ये 'लॅन्सेट'ने अशा सहा प्रयोगांतल्या २५६ रुग्णांचा एकत्रित हिशेब छापला: खरा शॉक लुटुपुटूच्या शॉकपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला. औषधांशी तुलना करणाऱ्या अठरा प्रयोगांतही पारडे शॉककडे झुकले. गात्रे गोठून माणूस पुतळ्यासारखा बसून राहतो, खाणेपिणे सोडतो, त्या कॅटॅटोनियात लोराझेपाम या औषधाने भागले नाही तर ईसीटीइतका भरवशाचा उपाय आजही दुसरा नाही. भ्रमांसह येणारे खोल नैराश्य, अन्नपाणी टाकलेले वृद्ध, आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेले आणि औषध लागू पडेपर्यंतचे आठवडे हातात नसलेले रुग्ण: खरी जागा ती. भारतात मात्र ईसीटीचा मोठा वापर स्किझोफ्रेनियात होत आला आहे. तिथला पुरावा जास्त पातळ आहे. वेल्लोरचे प्रताप थरियन आणि ब्रिटनचे क्लाइव्ह अ‍ॅडम्स यांच्या २००५ च्या आढाव्याचा सूर असा की औषधांच्या जोडीने दिल्यास थोड्या काळापुरता फायदा दिसतो. दीर्घकाळाचे सांगता येण्याजोगा पुरावा नाही.

यावर जॉन रीड, अर्व्हिंग किर्श आणि लॉरा मॅकग्रा या संशोधकांनी २०१९ मध्ये घेतलेला आक्षेप वजनदार आहे. नैराश्यात खऱ्या आणि खोट्या शॉकची तुलना करणारे जगभरात जेमतेम अकरा प्रयोग, तेही सगळे १९८५ पर्यंतचे, रुग्णसंख्या किरकोळ, पद्धतीत भोके. आजच्या कसोटीवर यांतले बरेचसे टिकणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. त्यावरून ईसीटी तातडीने थांबवा, हा त्यांचा निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पुढे धावतो. प्रयोग कच्चे आहेत याचा अर्थ परिणाम शून्य आहे असा होत नाही. आणि मरणाच्या दारातल्या रुग्णाला आज केवळ भूल देऊन खोटा शॉक द्यायला कोणती नीतिसमिती परवानगी देईल, हाही प्रश्न आहेच. दुसऱ्या उपचाराशी तुलना मात्र करता येते, आणि ती होतेही आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत औषधांना न जुमानणाऱ्या, पण भ्रम नसलेल्या नैराश्याच्या सुमारे चारशे रुग्णांवर प्रयोग झाला. केटामाइन हे औषध घेतलेल्यांत ५५ टक्के सुधारले, ईसीटी घेतलेल्यांत ४१ टक्के. स्वीडनमध्ये वर्षभर आधी उलटे झाले होते: रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णांत ईसीटीने ६३ टक्के आणि केटामाइनने ४६ टक्के आजारमुक्त झाले. दोन्ही एकत्र वाचले तर मला दिसते ते असे, की आजार जितका खोल तितका ईसीटीचा वाटा मोठा, आणि साध्या नैराश्यात घाईने शॉककडे वळण्याचे समर्थन दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

समर्थक दोन गोष्टी सांगताना आवाज बारीक करतात. एक, गुण टिकत नाही. हॅरॉल्ड सॅकाइम यांच्या २००१ च्या अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांपैकी ज्यांना नंतर नुसत्या साखरेच्या गोळ्या मिळाल्या, त्यांतल्या ८४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांच्या आत उलटला. एक नैराश्यरोधक औषध दिलेल्यांत हे प्रमाण ६० टक्के होते, त्याला लिथियमची जोड दिलेल्यांत ३९ टक्के. म्हणजे शॉक दार उघडतो, पण दार उघडे ठेवण्याचे काम नंतरच्या गोळ्यांचे आणि पाठपुराव्याचे. दोन, स्मृती. मृत्यूची भीती तशी अनाठायी आहे. ३२ देशांतल्या साडेसात लाखांहून अधिक ईसीटींचा हिशेब मांडला तेव्हा लाखामागे दोनाच्या आसपास मृत्यू आढळले, आणि हे प्रमाण छोट्यामोठ्या शस्त्रक्रियांच्या भुलीइतकेच आहे. विसराळूपणाचे तसे नाही. डायना रोझ यांनी २००३ मध्ये रुग्णांच्याच साक्षी गोळा केल्या, तेव्हा किमान एक तृतीयांश रुग्ण टिकून राहिलेल्या स्मृतिनाशाची तक्रार करत होते. त्यातले आणखी बोलके निरीक्षण वेगळेच आहे: प्रश्न डॉक्टरांनी विचारले तर समाधानाचे आकडे चढतात, रुग्णांच्या संघटनांनी विचारले तर उतरतात. मुलीच्या लग्नाचा दिवस आठवत नाही अशी तक्रार स्मरणशक्तीच्या ठरावीक चाचणीत उमटत नाही, कारण चाचणी नव्याने शिकलेले शब्द आठवतात का तेवढेच पाहते. सॅकाइम हे ईसीटीचे खंदे समर्थक. त्यांनीच २००७ मध्ये दाखवले की दोन्ही कानशिलांवरून आणि जुन्या सलग लहरींच्या यंत्राने दिलेल्या शॉकनंतर हे नुकसान सहा महिन्यांनीही उरते. तेव्हा कोणते यंत्र, इलेक्ट्रोड कुठे, किती मात्रा, हे तपशील रुग्णाच्या आठवणींचा भाव ठरवतात. संमतीच्या कागदावर ते असायलाच हवेत.

भारतातला वाद यापेक्षा खालच्या पायरीवर अडकला होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एर्वाडी येथे साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्याच वर्षी दिल्लीच्या 'सार्थक' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जाऊन डायरेक्ट शॉकवर बंदी मागितली. पुण्यात भार्गवी दावर यांनी उभारलेल्या बापू ट्रस्टने हा प्रश्न महाराष्ट्रात लावून धरला. वैद्यकीय नीतीला वाहिलेल्या मुंबईच्या नियतकालिकात २००३ मध्ये ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी लिहिले की भुलीविना शॉक अनैतिक आहे; बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मनोविकार संस्थेतले डॉ. चित्तरंजन आंद्रादे यांनी त्याच पानांवर ईसीटीची मोजूनमापून बाजू मांडली. ते दोन्ही लेख आज वाचताना जाणवते की दोघेही खऱ्याच रुग्णांविषयी बोलत होते, पण वेगवेगळ्या. कार्यकर्त्यांपुढे होती मर्जीविरुद्ध खाटेवर दाबून धरलेली बाई. डॉक्टरांपुढे होता अन्न सोडलेला, भूलतज्ज्ञ नसलेल्या गावातला माणूस. २०१२ मध्ये इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही भूमिका घेतली: भूल देऊनच शॉक द्यावा, पण ती मिळण्याची शक्यताच नसेल आणि गरज तातडीची असेल, तर अपवाद म्हणून डायरेक्ट शॉकही मान्य. वेल्लोरच्या डॉक्टरांनी दशकभराच्या अनुभवावरून दाखवलेच होते की त्यात हाडे मोडण्याचे प्रमाण लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते.

या युक्तिवादाला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. उपाशी मरणाऱ्या रुग्णाला नियमावर बोट ठेवून परत पाठवणे क्रूर आहे, हे खरेच. तरीही कायद्याने अपवाद ठेवला नाही हे मला योग्य वाटते, आणि कारण व्यवहाराचे आहे. 'सोय नसेल तर चालेल' अशी सवलत एकदा दिली की सोय करण्याची निकड संपते. सक्सिनिलकोलीन महाग नाही. जिथे सिझेरियन होते, हर्नियाचे ऑपरेशन होते, तिथे भूलतज्ज्ञ येतोच. मनोरुग्णासाठी मात्र तो अर्धशतकभर दुर्मिळ राहिला. बाळंतिणीचे पोट भूल न देता चिरायची सवलत कोणी कायद्यात मागितली नसती. हाडे मोडण्याचे प्रमाण कमी असण्याने भीतीचा प्रश्नही सुटत नाही. शुद्धीत असताना चौघांनी दाबून धरलेला माणूस पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि सहा महिन्यांत उलटणाऱ्या आजारात तेच सर्वांत घातक.

आता छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चितेगाव घेऊ. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे जिल्ह्याबाहेर नाव झालेले, आजूबाजूला शेती आणि कंत्राटी मजुरी असलेले हे पैठण तालुक्यातले गाव शहरापासून जवळच. तिथल्या एखाद्या कुटुंबाला डॉक्टरने ईसीटी सुचवली, तर मराठवाड्याच्या मानाने ते नशीबवान. घाटी हे सरकारी रुग्णालय आणि शहरातले खासगी मनोविकारतज्ज्ञ एका बसच्या अंतरावर आहेत. किनवट किंवा भूम-परांड्याच्या रुग्णाला ही चैन नाही. पण चितेगावालाही हिशेब चुकत नाही. आठवड्यातून तीन सकाळी रुग्णाला उपाशीपोटी शहरात न्यायचे, सोबत एकाने कामाची पाळी बुडवायची, परतताना गोंधळलेल्या माणसाला सांभाळायचे, हे तीन-चार आठवडे. भरती केले तर सोबतीचा खाडा आणखी लांबतो. म्हणून चौथ्या-पाचव्या वेळी 'आता बरं वाटतंय' म्हणून उपचार सुटणे अगदी साहजिक, आणि सॅकाइम यांचे आकडे पाहिले तर नेमके तेच महागात पडणारे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. मराठवाड्यात एकही नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सतत बातम्यांत राहणाऱ्या विभागाची ही अवस्था. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत तपासलेल्या बहुतेक राज्यांत लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ येत नाही असे दिसले होते. त्या पाहणीसाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपले दुखणे आपण दुसऱ्यांच्या आकड्यांवरून मोजतो.

सोयीइतकाच नाजूक मुद्दा संमतीचा. २०१७ चा कायदा इथे पुष्कळ उदार आहे. पुढे आजार बळावला तर मला कोणता उपचार द्यावा आणि कोणता देऊ नये, हे आधीच लिहून ठेवता येते. म्हणजे 'मला शॉक नको' असे शुद्धीत असताना लिहिता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. तातडीचा उपचार म्हणून ७२ तास जे काही करता येते, त्यातून ईसीटी वगळली आहे. कॅटॅटोनियाच्या रुग्णाबाबत डॉक्टरांना ही अट जाचते आणि त्यांची तक्रार रास्त आहे, पण पूर्वी 'तातडी' हा शब्द किती सढळ हाताने वापरला गेला ते आठवले की कायदा का बिथरला तेही कळते. अठरा वर्षांखालच्या मुलांना ईसीटी मनाई आहे. अगदीच गरज पडली तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आधी परवानगी. माझ्या मते खरी फट मोठ्यांच्या बाबतीत आहे. रुग्णाला निर्णयासाठी जवळजवळ शंभर टक्के आधार लागतो असे ठरले की त्याचा प्रतिनिधी त्याच्या वतीने उपचाराला संमती देऊ शकतो. हा प्रतिनिधी बहुतेक वेळा नवरा, भाऊ किंवा सासरा असतो. आपल्याकडे बाईला 'वेडी' ठरवण्यात कोणाकोणाचे हितसंबंध असतात, हे जमिनीच्या आणि पोटगीच्या दाव्यांत डोकावणाऱ्या कोणालाही माहीत आहे. लहान मुलासाठी मंडळाची परवानगी लागते, तर जी व्यक्ती स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाही तिच्यासाठीही ती लागावी. उशीर होईल, हा आक्षेप येईल. मंडळे कागदावर न राहता खरोखर बसत असतील तर दोन दिवसांत निर्णय देणे अशक्य नाही. ती नीट चालावीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला धारेवर धरावे लागले. ठाण्याच्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना जनहित याचिका करावी लागली, यावरून कायदा आणि अंमलबजावणी यांतले अंतर कळते. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय यांनी २०२३ मध्ये दिलेले मार्गदर्शन तर याहून कडक आहे: ईसीटी ठेवायचीच असेल तर केवळ रुग्णाच्या स्वतःच्या लेखी किंवा नोंदवलेल्या संमतीने. ती टोकाची अट मी मागणार नाही, कारण कॅटॅटोनियात गोठलेला माणूस संमती देऊ शकत नाही आणि त्यालाच उपचाराची सर्वाधिक गरज असते.

या सगळ्याला एक साधी पूर्वअट आहे, आणि तिच्यासाठी कायदा बदलावा लागत नाही: नोंद. स्कॉटलंडमध्ये ईसीटी देणाऱ्या रुग्णालयांचे जाळे आहे. किती जणांना, कोणत्या आजारासाठी, कोणाच्या संमतीने शॉक दिला, किती सुधारले, याचा अहवाल तिथे प्रसिद्ध होतो. स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदवही आहे. अमेरिकेतल्या टेक्सासने १९९० च्या दशकातच ईसीटीचा तपशील सरकारला कळवण्याची सक्ती केली. आपल्याकडे रुग्णालये आपापल्या फायली ठेवतात, पण जिल्हावार, वयानुसार, स्त्री-पुरुष असा एकत्रित आकडा जनतेपुढे येत नाही. मग डॉक्टर आपल्या ओपीडीवरून बोलतात, कार्यकर्ते आपल्याकडे आलेल्या तक्रारींवरून, आणि वाद पुन्हा सिनेमापाशी जातो. जालन्यात मराठवाड्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतलेला आहे. त्याच्या अंदाजपत्रकात पलंगांइतकेच ठळकपणे पूर्णवेळ भूलतज्ज्ञाचे पद हवे, कमीत कमी मात्रा देता येईल असे आधुनिक यंत्र हवे, पहिल्या शॉकआधी आणि शेवटच्या शॉकनंतर सहा महिन्यांनी रुग्णाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी तपासणारा मानसशास्त्रज्ञ हवा, पैठण, अंबड, भोकरदनकडून येणाऱ्या सोबतीच्या माणसासाठी प्रवासभाडे हवे. आणि दर वर्षी मार्चअखेर, रुग्णाचे नाव वगळून, सगळा हिशेब मराठीत छापलेला.